कॉम्प्युटरचा पाडवा

मला राग लवकर येतो हे आमच्या लिंबायतच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. पण त्या शनिवारी आलेला राग काही लवकर आला नव्हता. सकाळी चहाबरोबर थोडा आला, मग फराळाबरोबर आला, आणि दुपारपर्यंत तळपायापासून मस्तकापर्यंत भरला. तेव्हा आधी सगळं ऐकून घ्या आणि मग मला नावं ठेवा.

मी जयश्री. माहेर अमळनेर, सासर पारोळ्याकडचं खेडं आणि संसार सुरतेत. आमचे हे, सुकदेव, पॉवरलूमच्या कारखान्यात मास्तर आहेत. मास्तर म्हणजे शाळेतले नाही हो, मागांचे. माग अडला की ह्यांना हाक. महेश, आमचा एकुलता एक, हजीऱ्याला एका प्लांटमध्ये लागलाय आणि तिकडेच खोली करून राहतो. म्हणजे घरात उरलो तिघं: मी, हे आणि सासूबाई धुरपदाबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. घरात आम्ही अहिराणीच बोलतो. तुम्हाला सांगताना मी सगळं सरळ मराठीत आणते, फक्त आत्याबाईंचं तसंच ठेवते. त्यांचं बोलणं बदललेलं त्यांना कळलं तर मला घरात घ्यायच्या नाहीत.

घरातला कॉम्प्युटर ह्यांच्या कारखान्याच्या शेठच्या ऑफिसातला. शेठने नवा घेतला तेव्हा जुना ह्यांना देऊन टाकला, पोराच्या डिप्लोमासाठी. पोरगा शिकला, नोकरीला लागला, आणि कॉम्प्युटर माझ्या जुन्या साडीखाली झाकून कोपऱ्यात बसला. आत्याबाई त्याच्या डोक्यावर कुरडयांचा डबा ठेवायच्या. एक दिवस मी तो डबा उचलला, साडी ओढली आणि महेशला म्हटलं, मला यात मराठी टायपिंग घालून दे.

त्याला कारण आहे. लग्नाआधी अमळनेरला मी टायपिंगच्या क्लासला जायचे. बोटं अशी चालायची की सर दुसऱ्या मुलींना माझ्याकडे बघायला लावायचे. परीक्षेची तारीख आली, आणि मग त्याच तारखेचा लग्नाचा मुहूर्त निघाला. परीक्षा आधी ठरली होती बरं का, मुहूर्त नंतर. पण मोठी माणसं म्हणाली, मुहूर्त टळला तर पुन्हा येत नाही, परीक्षा काय दर सहा महिन्यांनी येते. कुठची येते! ती काही माझ्या मागे सुरतेला आली नाही. इथे येऊन मी साड्यांवर स्टोन चिकटवायला बसले. बोटांना दिवसभर गम, डोळ्यांपुढे दिवसभर चकमक. त्याच बोटांनी मी कधी काळी पानंच्या पानं टाईप करायचे हे मलाच खरं वाटेनासं झालं होतं.

आणि आता महेशनेच मोबाईलवर जाहिरात पाठवली. पुण्याच्या एका संस्थेला घरबसल्या काम करणाऱ्या बायका पाहिजे होत्या. व्याख्यानं कानाने ऐकायची आणि मराठीत टाईप करायची. निवडीची परीक्षा ऑनलाइन. दिवाळीनंतरचा शनिवार, दुपारी चार. कॉम्प्युटरवरच द्यायची, त्याला कॅमेरा पाहिजे, मोबाईल चालणार नाही, आणि संधी एकदाच. महेशने कॅमेरा आणून बसवला आणि मी महिनाभर सराव केला. हे म्हणायचे, "तुझी टकटक संपली का? जेवायला वाढ." मी वाढायचे आणि परत टकटक करायचे.

मग दिवाळी आली. दिवाळीत बाईला टायपिंग कुठलं? चकल्या, शंकरपाळे, पाडवा, भाऊबीज, पाहुणे. तेवढे दिवस मी कॉम्प्युटरला हात लावला नाही. पाडव्याच्या सकाळी ह्यांनी त्याची पूजा केली तेवढी स्वयंपाकघरातून बघितली. शेठकडे चोपडापूजन असतं ना, वह्यांना कुंकू लावतात, आता वह्यांच्या जागी कॉम्प्युटरलाही लावतात. तसंच ह्यांनी घरी केलं. झेंडूचं फूल, अक्षता, पडद्याच्या खाली कुंकवाचा साथिया, म्हणजे आपलं स्वस्तिक. मला बरंच वाटलं. म्हटलं, टकटकीची किंमत कळली वाटतं.

शनिवारी सकाळी अंघोळ केली, देवाला नमस्कार केला, कॉम्प्युटर लावला आणि परीक्षेचं पान उघडलं. उघडलंच नाही. तिथे इंग्रजीत चार ओळी आणि एक लाल खूण. दुसरं पान उघडलं, तेच. हवामान बघितलं, तेच. बातम्या, रेल्वे, अमळनेरच्या कॉलेजचं पान, सगळीकडे तीच लाल खूण मला डोळे वटारून बघत होती.

"इंटरनेट गेलं," मी म्हटलं.

"नाही गेलं," हे म्हणाले. खरंच गेलं नव्हतं. भिंतीवरच्या डब्यावर सगळे दिवे हिरवेगार. आत्याबाई त्याच इंटरनेटवर मोबाईलमध्ये भजन ऐकत होत्या आणि टाळ वाजत होते. मी तक्रारीच्या नंबरला फोन लावला. तिकडची पोरगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आपका कनेक्शन एकदम ओके है." मी म्हटलं, मग पान का उघडत नाही? ती म्हणाली, "मॅडम, कनेक्शन ओके है." तिसऱ्यांदा विचारलं तर तिने मला दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या.

महेशला लावला. बंद. प्लांटमध्ये फोन गेटवरच ठेवून घेतात, संध्याकाळी सुटल्याशिवाय त्याला हात नाही. मग म्हटलं सायबर कॅफेत जाऊ. कुठे जाऊ? सुरत दिवाळीला बंद होते ती लाभपाचम आल्याशिवाय उघडत नाही. लाभपाचम रविवारी. माग बंद, मार्केट बंद, कॅफे बंद, दुरुस्तीवाला त्याच्या गावी. मोठ्या रस्त्यावरून फिरून आले, शटरांवर शुभ-लाभ लिहिलेलं आणि कुत्री झोपलेली.

घरी आले तर हे कॉम्प्युटरसमोर पाट टाकून बसलेले. एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. मागांच्या खडखडाटात जन्म गेलेला माणूस, ह्यांचं कुजबुजणं सुद्धा तीन घरांपलीकडे ऐकू जातं. आणि आज हे गप्प. मागची वायर काढून फुंकत होते, परत लावत होते, परत फुंकत होते.

"काय झालंय त्याला?" मी विचारलं.

"उद्या लाभपाचम," हे म्हणाले. "उद्या सगळं उघडतं. हेही उघडेल."

बाई गं! म्हणजे ह्यांच्या मते इंटरनेटही शटर पाडून गावाला गेलं होतं. मी म्हटलं, "अहो, माझी परीक्षा आज आहे! ते काय मार्केट आहे का?" ह्यांनी परत वायर फुंकली.

आत्याबाईंनी तोवर निदान करून ठेवलं होतं. "नजर लागनी त्याले, दुसरं काही नही." मीठ-मोहरी घेऊन त्यांनी कॉम्प्युटरवरून उतरवली. थोडी मोहरी कीबोर्डात सांडली. मी कीबोर्ड उलटा करून आपटला तर मोहरीच्या मागोमाग पाडव्याच्या अक्षता, चिवड्यातला एक शेंगदाणा आणि महेशच्या डिप्लोमाच्या काळातली कसली तरी बी निघाली. म्हटलं, याच अक्षता अडकल्या होत्या बहुतेक. मोठ्या आशेने परत पान उघडलं. लाल खूण.

शेवटी ह्यांनी भाईदासला बोलावलं. भाईदासचं कोपऱ्यावर मोबाईलचं दुकान आहे. दुकान बंद होतं पण भाईदास बंद नव्हता. शर्टाच्या खिशात पेन ड्राइव्ह लावूनच आला, डॉक्टर थर्मामीटर लावून येतो तसा. आल्याआल्या काळी खिडकी उघडून त्यात काहीतरी लिहिलं.

"वहिनी, लाईन चालू आहे. हे बघा, समोरून उत्तर येतंय."

"मग पान का येत नाही?"

त्याने लाल खुणेचं पान उघडून पहिली ओळ बोटाने वाचली. वाचता मलाही येत होती, पण सकाळपासून रागाने माझं लक्ष त्या खुणेवरच होतं, अक्षरांवर गेलंच नव्हतं. "इथे असं लिहिलंय," तो म्हणाला, "की तुमचं घड्याळ पुढे आहे."

सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. कारण आमचं भिंतीवरचं घड्याळ पुढेच असतं. ह्यांची पाळी चुकू नये म्हणून लग्न झालं तेव्हापासून पाऊण तास पुढे ठेवलंय.

"माय वं!" आत्याबाईंनी तोंडावर हात ठेवला. "त्या डबाले बी समजी गयं, आपलं घड्याळ पुढे शे!"

मी काही इतकी भोळी नाही. मी आधी कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातली वेळ बघितली आणि मोबाईलशी ताडून पाहिली. मिनिटाला मिनिट बरोबर. तारीखही बरोबर, पंचवीस, महिना दहावा. म्हणजे कॉम्प्युटरचं घड्याळ तर बिनचूक होतं. मग राहिलं कुठलं? मी भाईदासकडे बघितलं, भाईदासने माझ्याकडे.

"आता तसले कॅमेरे असतात वहिनी," तो म्हणाला. "समोरची भिंत दिसते त्यांना."

आता हसू येतं, पण तेव्हा चार वाजता परीक्षा होती आणि माणूस बुडायला लागला की हाताला येईल ते धरतो. हे स्टुलावर चढले. घड्याळ काढलं, पुसलं, पाऊण तास मागे केलं, परत टांगलं आणि कॅमेऱ्याला नीट दिसेल असं सरळ केलं. भाईदासने पान उघडलं. आम्ही चौघं वाकून बघत होतो. लाल खूण.

"व्हायरस," भाईदास म्हणाला आणि खिशातून पेन ड्राइव्ह काढला. "फॉर्मॅट मारतो. आतलं सगळं उडवू, मग घंटेसारखा वाजेल."

भाईदासकडे सगळ्या दुखण्यांवर हे एकच औषध आहे. मागे शेजारच्या कलाबाईच्या मोबाईलचा नुसता आवाज येत नव्हता तर त्याने तिच्या नातवाच्या बारशाचे सगळे फोटो उडवले होते. मी त्याचा हात वरच्या वर धरला. "आत माझं मराठी टायपिंग आहे, माझा सराव आहे. त्याला हात लावलास तर बघ." तो रुसला. रुसून शंकरपाळे खाल्ले, बशी रिकामी केली आणि गेला.

मग मी एकटीच खुर्चीवर बसून राहिले. ओरडायचंही त्राण नव्हतं. खरं सांगते, रडू आलं. मनात आलं, जयश्री, तुझ्या नशिबात परीक्षाच नाही. तेव्हा बोहल्यावर उभी केली, आता ह्या लाल खुणेसमोर. उद्यापासून पुन्हा गमची बाटली काढायची आणि कॉम्प्युटरवर कुरडयांचा डबा ठेवायचा.

काहीतरी करायचं म्हणून सरावाचा प्रोग्राम उघडला. तो इंटरनेटशिवाय चालतो. म्हटलं, परीक्षा नाही तर नाही, निदान बोटं तरी चालवू. तो उघडला की आधी स्वागत करतो. दिवाळीआधी म्हणायचा, "पुन्हा स्वागत, जयश्री. तुमचा शेवटचा सराव काल झाला." आज म्हणाला, "पुन्हा स्वागत, जयश्री. तुमचा शेवटचा सराव ५७ वर्षांपूर्वी झाला."

मी डोळे पुसून परत वाचलं. सत्तावन्न वर्षं. मी आहे एक्केचाळीसची. म्हणजे मी आता अठ्ठ्याण्णव वर्षांची? इतका राग सकाळपासून आला होता पण म्हातारी तर नव्हते झाले! मग माझी नजर कोपऱ्यातल्या तारखेवर गेली. मघाशी मी पंचवीस आणि दहा बघितलं होतं. त्याच्या पुढचं कोण बघतो? साल बघायचं असतं का कोणी? तिथे लिहिलं होतं २०८२.

आणि ते मला मघाशी खटकलं नव्हतं त्याचंही कारण समोर भिंतीवर होतं. शेठच्या फर्मचं नवं कॅलेंडर. वर लक्ष्मी, खाली गुजराती आकड्यांत हे एवढं मोठं: संवत २०८२. दिवाळीपासून उठता-बसता तेच डोळ्यांसमोर. पाडव्याला गल्लीत ज्याने-त्याने साल मुबारक म्हणत तेच साल ऐकवलेलं. आमच्या डोळ्यांना ते चालूच साल वाटत होतं. पण पुण्याच्या संस्थेला नाही ना!

"अहो," मी म्हटलं. इतक्या हळू आवाजात की आत्याबाईंनी भजन बंद केलं.

"काय?"

"कॉम्प्युटरमध्ये साल कोणी बदललं?"

ह्यांनी आईकडे बघितलं. आईने छताकडे बघितलं. म्हणजे दोघंही सामील! एकाने बदललं आणि दुसरीने आरतीचं ताट धरलं.

"पाडव्याला," हे म्हणाले. "शेठकडे हिशेब लिहिणारे मेहताजी करतात. बेसत्या वर्षाच्या, म्हणजे गुजराती नव्या वर्षाच्या सकाळी सगळ्यांसमोर कॉम्प्युटरवर बसतात आणि नवं साल घालतात. मी दरवर्षी बघतो. मग पेढे वाटतात. मी म्हटलं, आपल्याही घरात कॉम्प्युटर आहे, आपण का जुन्या सालात ठेवायचा?"

"आणि तुम्हाला जमलं कसं?"

आता ह्यांचा आवाज जरा वर आला, माग दुरुस्त केल्यावर येतो तसा. "कोपऱ्यात तारीख दिसतेच. तिथे दाबत गेलो. आधी ऐकत नव्हता. मग एक बटण होतं, वेळ आपोआप लावण्याचं. ते बंद केलं तेव्हा ऐकायला लागला. मग सालांची यादी आली, ती खाली खाली नेली. बराच वेळ लागला."

"अहो पण मेहताजी त्यांच्या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये साल घालतात! कॉम्प्युटरच्या घड्याळात नाही! त्याला वाटतंय आपण सत्तावन्न वर्षं पुढे जाऊन बसलोय, म्हणून त्याला पुण्याचं पान शिळं वाटतंय. सगळ्या जगाचीच मुदत संपली त्याच्या मते! आणि आपण मराठी माणसं, आपलं नवं वर्ष गुढीपाडव्याला. तुम्हाला संवत कुठून सुचलं?"

"तेही बघितलं," हे अगदी मनापासून म्हणाले. "आपला शक १९४७. ते त्या यादीत नव्हतंच."

माझं टाळकं सटकलं. काय काय बोलले ते सगळं सांगत नाही, आत्याबाई आजही त्यातल्या काही शब्दांवरून टोमणे मारतात. शेवटी म्हटलं, "एकदा तुमच्या मुहूर्तापायी माझी परीक्षा गेली, आता तुमच्या संवतापायी जाणार! मी तुमचं काय घोडं मारलंय?"

हे म्हणाले, "ती गेली म्हणूनच केलं. शेठकडे नवं खातं जुन्या सालात कोणी उघडत नाही, वाईट असतं म्हणतात. तुझं नवं काम. म्हटलं, ह्या वेळी तरी सगळं नीट लागावं."

माझ्या तोंडात पुढची शिवी तयार होती ती तशीच राहिली. एवढ्या वर्षांत मला वाटत होतं, ती परीक्षा ह्या माणसाच्या लक्षातही नसेल. मला रडू आलं, आणि परत रागही आला, कारण साडेतीन वाजले होते आणि रडायला वेळ नव्हता.

मी कोपऱ्यातल्या तारखेवर दाबलं. तर आत्याबाई आडव्या आल्या. "नवा सालमाईन जुना सालमा कोन जास वं? अशुभ शे ते!"

"आई," हे म्हणाले, "पुण्याचं साल वेगळं आहे. ते लोक मागे आहेत अजून."

आत्याबाईंना पटलं. पुण्याबद्दल त्यांचं मत आधीपासून फारसं चांगलं नाहीच. मी यादी वर वर नेली, ऐंशी गेलं, सत्तर गेलं, माझं अख्खं म्हातारपण मागे सरकत गेलं आणि २०२५ आलं. आपोआप वेळेचं बटण चालू केलं. परीक्षेचं पान उघडलं. लाल खूण नाही. निळं स्वच्छ पान आणि वर मराठीत, "नमस्कार, आपले स्वागत आहे." मी अशी किंचाळले की ह्यांना वाटलं शॉक बसला.

पण पुढे नियम होते. खोलीत परीक्षार्थीशिवाय कोणी दिसता कामा नये. आमचं घर म्हणजे एक खोली आणि एक स्वयंपाकघर, त्यालाही मधे दार नाही. मी दोघांना म्हटलं, बाहेर ओट्यावर बसा.

"मन्हा घरमाईन माले बाहेर काढस का?" आत्याबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. हे त्यांना हाताला धरून घेऊन गेले, बरोबर चिवड्याचा डबा आणि मोबाईल. दार ओढून घेतलं. चाराला मी कानात हेडफोन घातले आणि बोटं कीबोर्डवर ठेवली.

व्याख्यान होतं कापसावरच्या बोंडअळीचं. कोणीतरी शेतीचे प्राध्यापक सावकाश, सर्दी झालेल्या आवाजात बोलत होते. पहिल्या दोन ओळी चुकतमाकत गेल्या आणि मग बोटांना आठवलं. अमळनेरचे सर सांगायचे, कानातून थेट बोटात येऊ द्यायचं, मधे डोकं घालायचं नाही. मी डोकं बाजूला ठेवलं. प्राध्यापक बोलत होते आणि माझ्या बोटांतून अळ्या भराभरा पडद्यावर उतरत होत्या. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात बाहेर फटाक्यांची लड लागली. पोरांची दिवाळी अजून संपली नव्हती. हेडफोनमधून सुद्धा ऐकू आलं. लगेच ह्यांचा आवाज, मागांवरून ओरडायचा तो खास आवाज, "बंद करा रे ते! चूप ऱ्हा!" पोरं पळाली. मग कलाबाई आली, फराळाचं ताट घेऊन आली असणार, तिचाही आवाज काही कमी नाही. "का हो, दार का लावलं? कोणाची परीक्षा? महेशची का?"

आणि हे ओरडले, ते मात्र जसंच्या तसं सांगते. सगळ्या गल्लीला, वरच्या मजल्यांना, कोपऱ्यावरच्या भाईदासलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "महेशनी नही! मन्ही बायको परीक्षाले बठेल शे!"

प्राध्यापक बोलत होते. मी टाईप करत होते. पडद्याकडे बघितलं तर तिथे लिहिलं होतं: बोंडअळीचा प्रादुर्भाव पहिल्या टप्प्यात महेशनी नही मन्ही बायको परीक्षाले बठेल शे.

परीक्षेत पास झाले का म्हणून विचाराल. झाले. आता कुरडयांचा डबा फळीवर असतो आणि गमची बाटली केव्हाच वाळून गेली. पण त्या क्षणी मला निकालाची आठवणही नव्हती. ते वाक्य मी दोनदा वाचलं. प्राध्यापक पुढे निघून गेले, फवारणीवर पोहोचले, तरी माझं बोट खोडायच्या बटणावर नुसतं टेकलेलं. कॅमेऱ्यात पुण्याच्या लोकांना दिसलं असेल, सुरतेची एक बाई परीक्षा सोडून रडतेय आणि हसतेय. मग ओल्या डोळ्यांनीच एकेक अक्षर मागे घेतलं आणि फवारणी गाठायला धावले.